धुराड्यावरचा डाग

६ जानेवारी २०१४, सोमवार. सकाळी ६.००

आजपासून रोज सहाला उठणे. (आत्ता सातला दहा कमी आहेत. पण सहा लिहिलं की शिस्त लागते.)

यंदा एकच संकल्प. ‘शनिवारचं आभाळ’ हा माहितीपट स्वच्छ करून त्याची डिस्क काढायची आणि घराघरांत पोचवायची. १९३८ सालचा, एकवीस मिनिटांचा. दिग्दर्शक ऑब्री पेनिंगटन. आमच्याच स्केलथॉर्पमधले खाणकामगार आणि त्यांची शर्यतीची कबुतरं. याची जगात एकच प्रिंट उरली आहे आणि ती माझ्याकडे आहे. शाळेत भूगोलाच्या कपाटात पडून होती. निवृत्तीच्या दिवशी नकाशांबरोबर घरी आली.

मॅव्हिस म्हणाली, गेल्या वर्षी स्वयंपाकघराचं कपाट दुरुस्त करणार होतास. बायकोला कलेची दृष्टी नसली की माणसाला एकट्यानेच चालावं लागतं.

११ जानेवारी

प्रिंट पडद्यावर लावून पाहिली. अरेरे. धूळ, ओरखडे, केस, डाग. शेवटच्या दृश्यात तर आभाळभर माश्या बसल्यासारखं. अशा घाणीतही पेनिंगटनची प्रतिभा मला दिसली. इतर कुणाला दिसली नसती.

प्रिंटला व्हिनेगरचा उग्र वास येतो. फिल्म सडायला लागली की येतो, असं पुस्तकात आहे. मॅव्हिस म्हणते, घर आहे की व्हिनेगर ओतून देणारं चिप्सचं दुकान. प्रिंट बाहेर काचघरात, टोमॅटोच्या कुंड्यांशेजारी हलवली. तात्पुरती.

२ फेब्रुवारी

एडना बूथरॉइडबाईंना भेटलो. वय पंच्याऐंशी, वृद्धाश्रमात असतात. चित्रपटात दिसणाऱ्यांपैकी हयात अशा त्या एकट्याच. तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. शेवटच्या दृश्यात परसात उभा राहून वर बघणारा माणूस म्हणजे त्यांचे वडील. पुढच्याच वर्षी खाणीत छत कोसळून वारले. त्यांचा एकही फोटो नाही.

बाईंनी चित्रपट एकदाच पाहिला आहे, खाणकामगारांच्या हॉलमध्ये, वडिलांच्या मांडीवर बसून. म्हणाल्या, क्वीनी नावाची आमची निळी मादी शर्यतीत फ्रान्समधून घराकडे सोडली होती. बाकी सगळ्यांची कबुतरं आली, ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी खाणीच्या धुराड्याच्या डाव्या अंगाने आली, अगदी एवढीशी, आणि बाप हसला. “बापाला हसताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलंय, बाळा. माझं हृदय आता कामातून गेलंय. नाताळपर्यंत टिकेन असं मी काही म्हणत नाही. त्याच्या आत तेवढं दाखव.”

मी शब्द दिला. मी सहासष्ट वर्षांचा आहे, तरी बाळा म्हटलेलं बरं वाटलं.

टीप: म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर विसंबू नये. मी दोनदा पाहिलंय. कबूतर येत नाही. नुसती घाण आहे.

३ मार्च

स्कॅन पूर्ण. शेफील्डच्या एका माणसाने करून दिलं. आता प्रत्येक फ्रेम माझ्या संगणकात आहे. तो म्हणाला, ही मूळ फाइल नीट जपा, दुसरीकडे एक प्रत ठेवा. हो म्हटलं. नवशिक्याला सांगावं तसं सांगत होता.

बिस्किटं बंद.

१९ मार्च

धूळ काढण्याचं सॉफ्टवेअर लावलं. भन्नाट आहे. धूळ एका फ्रेममध्ये असते, पुढच्या फ्रेममध्ये नसते, त्यावरून यंत्र तिला ओळखतं आणि पुसतं. मी फक्त चहा पीत बसायचं. (बिस्किटं दोन. यंत्राच्या यशाप्रीत्यर्थ.)

२४ एप्रिल

शेवटचं दृश्य अडलं. धुराड्याच्या डावीकडे एक हट्टी डाग आहे. यंत्र त्याला हात लावायला तयार नाही. कारण उघड आहे. साधी धूळ एका फ्रेममध्ये असते, हा मात्र एकशे अठ्ठ्याहत्तर फ्रेम टिकून आहे. बरं, टिकून आहे तो एका जागी नाही. हळूहळू पुढे सरकतो आणि वाढतो. किती चिवट घाण असेल!

शेवटी यंत्र ते यंत्र. हा डाग मी हाताने काढणार. रोज सोळा-सतरा फ्रेम.

५ मे

अकरा दिवसांत एकशे अठ्ठ्याहत्तर फ्रेम. झाला! मान धरली आहे, डोळ्यांतून पाणी येतंय. पण आभाळ असं निघालंय की लोण्यासारखं. पेनिंगटननेही एवढं स्वच्छ आभाळ पाहिलं नसेल.

मॅव्हिसला दाखवलं. ती म्हणाली, छान. मग विचारलं, तो माणूस बघतोय कशाकडे? मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे.

हे बोलता बोलता मला सगळा चित्रपट उलगडला. ताबडतोब लिहून ठेवतो.

६ मे

डिस्कबरोबरच्या पुस्तिकेत माझा निबंध: ‘रिकाम्या आभाळाचं धाडस’. सारांश असा. कोणीही सामान्य दिग्दर्शक कबूतर परत आणून दाखवेल. पेनिंगटन दाखवत नाही. बाप हातातला पत्र्याचा डबा वाजवतो (रिकामा डबा, म्हणजे कामगाराची भूक) आणि शून्याकडे पाहून हसतो. हे हसू हताश माणसाचं आहे. पंच्याहत्तर वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वर घाण होती.

लिहिताना अंगावर काटा आला. स्वतःच्या लिखाणाने येतो तेव्हा तो खरा.

२१ जून

कबूतर क्लबचा सेक्रेटरी अर्नोल्ड स्पाइव्ही दारात. पूर्वी माझा विद्यार्थी, भूगोलात नापास. डिस्क छापायला देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा म्हणाला. क्वीनी कुठल्या बाजूने येते, ते क्लबात अजून सांगतात म्हणे. मी सांगितलं, चित्रपट कबुतरांचा नाही, माणसाच्या एकाकीपणाचा आहे. “असेल मास्तर,” म्हणाला, “पण कबुतरं आहेत ना त्यात?”

गाढवाला गुळाची चव काय. दाखवलं नाही.

१४ जुलै

डिस्कमध्ये माझी बावन्न मिनिटांची मुलाखतही आहे. प्रश्न मीच काढले, मॅव्हिसने कॅमेरा धरला. (तीन ठिकाणी माझं डोकं कापलंय. सहेतुक वाटतं.)

मुलाखत साठवायला संगणकात जागा नाही. मूळ स्कॅन भलतीच जागा खाऊन बसलंय. आता घाणीची फाइल जपून करायचं काय? भात झाल्यावर कोंडा कोण ठेवतं? डिलीट केली. खरोखर करू का, असं संगणकाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो. निर्णयक्षमता माझ्यात पहिल्यापासून आहे.

९ ऑगस्ट

कडक ऊन. टोमॅटो उत्तम.

काचघरातला प्रिंटचा डबा फुगल्यासारखा दिसतो. सप्टेंबरमध्ये त्याची नीट व्यवस्था लावणे.

१२ सप्टेंबर

पुस्तिका छापखान्यात गेली. मागच्या पानावर दोन चित्रं शेजारी शेजारी: ‘आधी’ आणि ‘नंतर’. ‘आधी’साठी जुन्या स्कॅनमधली एक फ्रेम सुदैवाने आधीच काढून ठेवली होती, डाग ठळक दिसतो अशी. खाली ओळ: ‘हा डाग १७८ फ्रेममधून हाताने दूर करण्यात आला.’ नम्रता म्हणून माझं नाव फक्त चार ठिकाणी आहे.

एडनाबाई आजारी असल्याचं कळलं. भेटायला जाणे.

३ ऑक्टोबर

जाणं झालं नाही. वृद्धाश्रमातून मॅव्हिसला फोन. बाई रोज विचारतात, आलं का. जरा घाई करा, असं तिथल्या नर्स म्हणाल्या. मॅव्हिस माझ्याशी दिवसभर बोलली नाही. कलेत घाई चालत नाही, हे तिला कोण सांगणार.

३० ऑक्टोबर

डिस्का आल्या! पाचशे. बैठकीच्या खोलीत बसायला जागा नाही. अर्धा तास नुसतं मागचं पान बघत होतो.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.१५

प्रकाशन पार पडलं. वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत, मोठ्या टीव्हीवर. हजर: आश्रमातली चौदा मंडळी, स्पाइव्ही आणि त्याच्या क्लबचे पाच जण, मॅव्हिस. पोर्क भरलेली पेस्ट्री, चहा. एडनाबाईंना खुर्चीसकट आणून पुढे बसवलं. त्यांनी निळा ब्लाउज घातला होता, केस करून घेतले होते.

मी माझ्या निवेदनासह लावायचं ठरवलं. नाहीतर त्यांना बारकावे कळले नसते.

शेवटच्या दृश्यात वडील दिसले तेव्हा बाई पुढे वाकल्या. वडिलांनी वर बघितलं, डबा वाजवला, हसले. आभाळ लोण्यासारखं. मागून माझा आवाज: कबूतर आलेलं नाही, येणारही नाही. क्लबातला एक म्हातारा पुटपुटला की पक्षी नजरेत आल्याशिवाय डबा कोण वाजवतं? त्या आवाजाला मका मिळतो एवढंच पक्ष्याला माहीत, उगाच वाजवला तर त्याची सवय बिघडते. मी त्याला गप्प केलं.

संपल्यावर टाळ्या नाहीत. मोठ्या कलाकृतीनंतर असं होतं.

मग एडनाबाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे आलीच नव्हती होय ती.” “मी जन्मभर सांगत आले, आली म्हणून. नऊ वर्षांची पोर मी, मला काय कळत होतं. मास्तर शिकलेले आहेत.” मग मला विचारलं, बाप मग कशाला हसला रे? तो वेडा झाला होता का?

मी म्हटलं, निबंध वाचा.

घरी येताना बसमध्ये मॅव्हिस वेगळी, पुढच्या बाकावर बसली.

९ नोव्हेंबर. सकाळी ९.००

स्पाइव्ही आला. हातात पुस्तिका आणि कबुतरांचे पंख तपासायचं भिंग. आत ये म्हटलं तरी आला नाही. दारातच ‘आधी’चं चित्र माझ्यासमोर धरलं. “मास्तर, धुळीला पंख असतात का हो?”

मी भिंगातून पाहिलं.

मादी आहे, तो म्हणाला. पंख अर्धे मिटून खाली येतेय, थकलेली आहे, डावा पंख जरा खाली पडलाय. क्लबात क्वीनीबद्दल असंच सांगतात. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

९ नोव्हेंबर. सकाळी १०.३०

मूळ स्कॅनवरून पुन्हा करता येईल.

मूळ स्कॅन नाही.

९ नोव्हेंबर. सकाळी १०.४५

शेफील्डला फोन. रविवार असूनही माणसाने उचलला. तो प्रती ठेवत नाही. तसं त्याने मार्चमध्ये सांगितलं होतं म्हणे. प्रिंट आणा, पुन्हा स्कॅन करू म्हणाला.

९ नोव्हेंबर. सकाळी ११.००

काचघर. डबा उघडायला हातोडी लागली. आत फिल्म नाही. तपकिरी लगदा आहे, ढेपेसारखा घट्ट. एक कोपरा सोडवायला गेलो तर हातात चुरा आला. मॅव्हिस दारात येऊन उभी राहिली. व्हिनेगरच्या वासाबद्दल काही बोलली नाही.

१० नोव्हेंबर

रात्री पडल्या पडल्या हिशेब जुळवत होतो की चूक सॉफ्टवेअरची आहे. पण सॉफ्टवेअरने हात लावायला नकार दिला होता. २४ एप्रिलला मीच तसं लिहून ठेवलंय. रोजनिशी ठेवू नये.

संकल्प: एडनाबाईंना सगळं खरं सांगायचं. उद्याच.

११ नोव्हेंबर

पाऊस. उद्या.

१३ नोव्हेंबर

‘आधी’चं चित्र मोठं करून आणलं. एवढीच एक फ्रेम राहिली आहे. ताटाएवढं मोठं केलं, चौकटीत बसवलं. क्वीनी बोराएवढी झाली. कडा फुटल्या आहेत, पण डोळे बारीक करून, थोडं लांबून पाहिलं तर पंख दिसतात. मला दिसतात.

मॅव्हिस म्हणाली, मी येते बरोबर. नको म्हटलं. मग म्हटलं, ये.

१४ नोव्हेंबर

एडनाबाई पलंगावरच होत्या. फारच बारीक झाल्यात. मी सरळ सांगून टाकलं. आली होती. डाव्या अंगानेच आली होती, तुम्ही सांगितलं तशीच. मी पुसली. माझं वागणं उंटावरच्या शहाण्यासारखं झालं. तुमचे वडील वेडे नव्हते.

हे बोलताना मला रडू आलं. गेल्या कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. खिडकीकडे धरून पाहिलं. मॅव्हिसने भिंग दिलं, त्यातूनही पाहिलं. बराच वेळ. मग चित्र पांघरुणावर पालथं ठेवलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

“डागच आहे रे हा, बाळा. तू उगाच माझं समाधान करतोयस. गुणी आहेस.”

मी पुन्हा सांगायला लागलो. मॅव्हिसने माझी बाही ओढली. बाईंना झोप लागत होती.

१ डिसेंबर

एडनाबाई पहाटे गेल्या. स्पाइव्हीने फोन करून कळवलं, दोन वाक्यांत. अंत्यविधीच्या वेळी क्लबवाले कबुतरं सोडणार आहेत. मला या म्हणाला नाही, येऊ नका असंही म्हणाला नाही.

चारशे एक्क्याण्णव डिस्का बैठकीच्या खोलीत आहेत. त्यातली एक लावून शेवटचं दृश्य पाहिलं, माझा आवाज बंद करून. बाप वर बघतो, डबा वाजवतो, हसतो. कुठेतरी एखादी फ्रेम सुटली असेल म्हणून एकेक करून तपासली.

एकशे अठ्ठ्याहत्तर. एकही सुटलेली नाही.