वॉब्ली म्हणजे काय

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, नातवाला गालांवर मावतील तेवढे पापे. आम्ही दोघं ठणठणीत आहोत (माझ्या कमरेबद्दल आईने काही कळवलं असेल तर ते सोडून दे).

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तो उभा राहतोय, पण अजून वॉब्ली आहे," आणि फोन कट झाला, परत लागेना. आईने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बाळाला वॉब्ली झालंय. झालं! तिने जेवणाचं ताटच सरकवलं. मी तसाच चपला अडकवून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याने "गोळी की सिरप?" असं विचारून दोन कपाटं उलथीपालथी केली आणि वर माझ्याकडेच डॉक्टरची चिठ्ठी मागितली. शेवटी वाचनालयातल्या बाईंनी जाडजूड शब्दकोश काढला. वॉब्ली म्हणजे डुगडुगणारा, झोकांड्या खाणारा. घरगुती बोलण्यातला शब्द. मूळ बहुधा जर्मनीकडच्या एका जुन्या बोलीतलं, आणि लाटेच्या इंग्रजी शब्दाशी त्याचं लांबचं नातं (तुझ्या आईच्या चुलतमावशीसारखं, कुणी पाहिलेली नाही, पण आहे म्हणतात). मी असा काही सुस्कारा सोडला की बाईंनी घाबरून पाणी आणलं.

घरी येऊन म्हटलं, अगं, आजार नाही, चाल आहे! "कसली चाल?" आता आली का पंचाईत. लोकांची टेबलं डुगडुगू नयेत म्हणून जन्मभर पाय तासणारा मी सुतार, हात पसरून स्वयंपाकघरभर डुगडुगलो. आई पोट धरून हसली. मग म्हणाली, "असं नाही हो, पाय आणखी फाकवून," आणि स्वतः चालून दाखवलं. शेजारीण दारात कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. विरजण न मागताच परत गेली बिचारी.

मग आम्ही तिथेच फरशीवर बसलो. हसू ओसरल्यावर आईने एवढंच विचारलं, "तो पडला की कुणाकडे बघून रडत असेल?"

तुम्हाला तिकडे कामं आहेत, जागा लहान आहे, सगळं ठाऊक आहे. आमची काळजी करू नकोस. इथे छान करमतं.

तुझे,
बाबा

ता.क. करमत नाही. पुढच्या फोनवर बोलता बोलता सहज "या" म्हणशील का? जावईबापूंनाही म्हणायला लाव, म्हणजे आईला संकोच वाटणार नाही.

ता.क. २. आईने बॅग भरून दाराशी ठेवली आहे. माझा टॉवेल तिच्यातच आहे. रोज काढतो, अंघोळ करतो आणि वाळला की घडी करून परत ठेवतो.