मी सोफ्यावरच होते

रविवार, ११ ऑगस्ट

ती. दादास,

रविवार, दिनांक ४ ऑगस्ट रोजी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी (भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे असतं, ती मी वजा केली आहेत) तू माझ्याबद्दल जे बोललास ते मी ऐकलं. नमस्कार. साष्टांग घालत नाही. एक तर गुडघा वाकत नाही, आणि दुसरं कारण वरच्या वाक्यात आहे. तुझं पित्त, वहिनीची कंबर आणि तुम्हा दोघांची झोप ठीक असेल अशी आशा करते. झोपेची चौकशी मुद्दाम केली. माझी आठवडाभर नाही.

मी कुठून ऐकलं हा प्रश्न तुला पडेल, कारण चिरंजीवांनी तुला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की आई आत झोपली आहे. आई आत नव्हती. आई त्यांच्यापासून चार हातांवर, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात टक्क जागी बसली होती. त्याचं असं झालं, की चिरंजीवांचं सोफ्यांना कापड चढवण्याचं दुकान तुला ठाऊक आहेच. मे महिन्यात एका हॉटेलवाल्याने ऑर्डर रद्द केली आणि मातकट रंगावर हिरवी-पिवळी पानं असलेला एक अख्खा तागा यांच्या गळ्यात पडला. तो कोणी घेईना (डोळे शाबूत असलेलं कोणी घेणारही नाही), तेव्हा सूनबाईंनी तो घरी आणला. सोफा झाला, पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, जेवणाच्या टेबलावर, फ्रिजच्या डोक्यावर, शिलाई मशीनवर, जिथे म्हणून काही झाकता येईल तिथे ती पानं पसरली. तरी साडेतीन मीटर उरलंच. त्याचा सूनबाईंनी मला गाऊन शिवून टाकला.

पहिल्याच आठवड्यात शेजारीण आली आणि बोलता बोलता भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून मोकळी झाली. मी पिशवी सांभाळत बसले, दुसरं काय करणार. मग दुकानाचं एक गिऱ्हाईक नमुना बघायला घरी आलं. त्या गृहस्थाने माझी बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली आणि विचारलं, धुतल्यावर आटतं का. मी म्हटलं, कापडाचं माहीत नाही, मी आटले आहे. तो चहा न घेता गेला, आणि चिरंजीव माझ्यावर उखडले की आई, तू माणसं घाबरवतेस. मी माणसं घाबरवते म्हणे. चोळलं कोणाला ते बघ.

कॉन्व्हेंटमध्ये (माझ्या, तू मुलांच्या शाळेत होतास, आणि तिथे काय शिकवत ते तुझ्या अक्षरावरून अजून कळतं) निसर्ग-अभ्यासाच्या सिस्टर काचेच्या पेटीत वाळक्या काटक्या आणून ठेवायच्या आणि विचारायच्या, यातलं जिवंत काय. आम्ही तासभर डोळे फाडून बघायचो. मग एखादी काटकी पाय हलवायची. सिस्टर सांगायच्या की जीव आपल्या परिसरासारखा दिसतो तो दोन कारणांसाठी: आपल्याला कोणी खाऊ नये म्हणून, नाही तर आपल्याला कोणाला तरी खाता यावं म्हणून. तिसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, त्या तेव्हा तिशीच्या आत होत्या. तिसऱ्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही, आपोआप होतं. कापड तीन महिन्यांचं आहे, पण न दिसणं मला वाटतं निवृत्तीनंतर वर्षभरातच सुरू झालं. आधी मी खोलीत आले की यांचं बोलणं थांबायचं. पुढे थांबेनासं झालं. मला वाटलं, विश्वास वाढला.

तर तो रविवार. तेहतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. दोन माणसं जोडायची आणि आपला कान काढून घ्यायचा, हा आमचा नियम. लोकांची लग्नं जुळली, मोडली, मयताच्या बातम्या गेल्या, सगळं माझ्या हातातल्या वायरींमधून, पण मी एक शब्द ऐकला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चिरंजीवांनी फोनचा स्पीकर लावून तो टीपॉयवर ठेवला, सूनबाई खुर्चीत बसल्या, आणि मला खोकता आलं असतं तरी मी खोकले नाही. चिरंजीव म्हणाले, ‘मामा, आईची खोली लागतेय हो. दुकानात ओल येते, फोमचे गठ्ठे ठेवू कुठे?’ सूनबाई म्हणाल्या, ‘त्या वृद्धाश्रमात काळजी चांगली घेतात. नर्स असते.’ आणि तू, दादा, तू म्हणालास, ‘अरे, सरळ सांगितलंत तर ती हलायची नाही. दोन आठवडे हवापालट म्हणा. एकदा तिकडे रुळली की रुळली. मी पत्र टाकतो, माझं ऐकते ती.’ मग सूनबाईंनी चाचरत विचारलं, ‘मामा, त्यांना तुमच्याकडे काही दिवस…’ तर तू खोकलास, आणि वहिनीच्या कंबरेचं सांगितलंस. सूनबाई माझ्या फार लाडक्या नाहीत, पण विचारलं त्यांनी. तू खोकलास.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. आठ वर्षांतलं पहिलं. त्यात तू लिहितोस की तिथली हवा मला मानवेल आणि तुला माझा हेवा वाटतो. ‘दोन आठवडे’ हे शब्द तीन वेळा आले आहेत. खरं असतं तर एकदा पुरले असते. गाडी रविवारी, २५ तारखेला, सकाळी नऊला यायची आहे. काल सूनबाईंनी माझी बॅग माळ्यावरून काढली आणि त्या दोन आठवड्यांच्या बॅगेत, ऑगस्ट महिन्यात, माझे चारही स्वेटर भरले. मी अजून कोणाला काही बोललेले नाही. हे पत्रही सोफ्यावर बसूनच लिहिते आहे. दोघं दोनदा समोरून गेली, एकदा तर माझ्या शेजारचा रिमोट उचलून.

तुला माझ्या तोंडावर बोलायचा धीर झाला नाही, हे मला त्या फोमच्या गठ्ठ्यांपेक्षा जास्त लागलं. बाकी सर्व ठीक. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
अजून जागी असलेली बहीण

ता. क. वर गाऊनचा आळ मी सूनबाईंवर घातला, तो खोटा आहे. त्या उरलेलं कापड दुकानात परत नेणार होत्या. मी मागून घेतलं आणि दोन दुपारी बसून मीच शिवलं. घरातल्या सामानाशी जुळणारं सहसा कोणी बाहेर काढत नाही, असं मला वाटलं होतं.

दुसरा ता. क. तुमची मागची खोली, जिथे वहिनी इस्त्रीचे कपडे ठेवते, ती अजून तशीच आहे का? मला पलंग लागत नाही, सतरंजी चालेल. वहिनीच्या कंबरेला सकाळ-संध्याकाळ शेक देईन. तुमचे फोन आले तर उचलून देईन, ऐकणार नाही. कोणी आलं-गेलं तर बाहेर येणार नाही. तिथल्या भिंतींचा रंग कोणता आणि पडदे कसले, तेवढं कळव, म्हणजे येताना तसं कापड घेऊन येईन. फोन करू नकोस, तो इथे सगळ्यांना ऐकू जातो. हो की नाही ते तुझ्या हातचं, लेखी, गुरुवार, दिनांक २२ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.