भातसेच्या पाण्याच्या तीन बरण्या

धसई,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू फोन बंद ठेवलायस, म्हणून हे पत्र भातसानगरला निघालेल्या नवशाकाकांच्या हाती देतेय. पत्राला स्विच ऑफ नसतं.

धरणावरच्या ड्युटीतून वेळ काढून तू माझ्या अकरावीच्या मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी तीन बरण्या भरून पाठवल्यास, उपकार झाले. एकीत पाण्याबरोबर वाहत जाणारे प्लवक, दुसरीत पोहणारे मासे, तिसरीत तळाला राहणारे शिंपले. पण मुरबाडला कॉलेजात त्या पोचल्याच नाहीत. मासे आणि शिंपले आईने रांधले. आणि प्लवकांची बरणी? "त्यात काय नाय गो, नुसतं पानी. तुळशीला घातलं." सूक्ष्मदर्शकाशिवाय ते दिसत नाहीत, हे मी कुणाकुणाला सांगू!

शेवटी फळ्यावर चित्रं काढून शिकवलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, जेलीफिश एवढा मोठा, तो प्लवक कसा?" म्हटलं, आकार बघत नाहीत बाई, धारेविरुद्ध पोहता येतं का ते बघतात. बोलता बोलता तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. राग आला तर येऊ दे.

मासे कुणासाठी रांधले, ते राहिलंच. पाहुणे आले होते. शहापूरचे. मला बघायला. रस्सा ओरपला आणि मुलगी पसंत म्हणाले. पौषात म्हशाची जत्रा झाली की साखरपुडा, आणि मी नोकरी सोडायची. मी बाबांना त्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, "संदीपला इचार. तो बोलेल तसं." आणि तू त्यांना फोनवर काय म्हणालास? "तुमी ठरवाल तसं." त्यानंतर तुझा फोन बंद. ते तुझ्यावर ढकलतात, तू त्यांच्यावर, आणि मधल्यामधे माझं लग्न ठरतंय! वैताग आलाय मला, दादा. रडूही येतं. मला शिकवायला आवडतं रे.

तर ऐक. रविवारी त्यांचा माणूस उत्तर न्यायला येतोय. नकार मीच देणार आहे, ओटीवर, बाबांसमोर. तू माझ्या वतीने काही बोलू नकोस. फक्त ये, आणि माझ्या शेजारी बस.

नाही आलास तरी मी बोलणार आहेच.

तुझ्या उत्तराची वाट न बघणारी,
भूमिका