आडवे धक्के

प्रिय ऋताताई,

फोन केला असता, पण संध्याकाळी माझा फोन बाबांकडे असतो आणि दिवसा फ्लेक्स छपाईच्या दुकानात मालक मागे उभे असतात. म्हणून स्पीड पोस्टाने हे पत्र.

तू पुण्याहून पाठवलेलं प्रदर्शनाचं पोस्टर छपाईसाठी लावून झालं. मजकूर तीनदा तपासला. फ्लेक्सवर चूक गेली की ती आठवडाभर चौकात लटकते. मी बारावी अर्धवट सोडलेला, तरी मला तो समजला. मला वाटायचं, वातावरणाच्या वरच्या थरातल्या ऑक्सिजनला खालून कोणीतरी ढकलत असेल. पण तो जड, पृथ्वी त्याला सहज सोडत नाही. विद्युत लहरी त्याच्या आयनांना आडवे धक्के देतात, ते चुंबकीय रेषेभोवती जोरात गरगरतात, आणि वर क्षेत्र विरळ होत जातं तशी ती गरगर वर जाण्याच्या वेगात बदलते. वेग कमी पडला तर आयन परत खाली, पुरला तर थेट चुंबकावरणात. तिथे पोचलेलेही काही पृथ्वीभोवतीच्या कड्यात अडकतात, हे वाचून मात्र मी पंख्याखाली जाऊन बसलो. एवढं करून पुन्हा अडकायचंच?

आई ठणठणीत आहे. काल पंडरीच्या बाजारातून दोन पिशव्या उचलून चालत आली. बाबा तुला रोज फोनवर तिला चकरा येतात म्हणून सांगतात तेव्हा ती शेजारीच भाजी निवडत असते, मान वर करत नाही. फोन ठेवला की बाबा म्हणतात, "पोट्टी आभाळातले कण मोजून राहिली, माय मेली तरी तिले पत्ता नाही लागायचा." मी हसतो. न हसलो तर काहून हसला नाही, हे सांगावं लागतं.

परवा बाबा दुकानात आले. मला वाटलं, मी डबा विसरलो. त्यांनी बॅनर सांगितला: साखरपुडा, तुझं नाव, शेजारी भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलाचं, पुढच्या रविवारची तारीख. मालकांना म्हणाले, "घरचाच पोट्टा आहे, भाव कमी लावा." मला म्हणाले, "तिले काही बोलू नको. आल्यावर सांगू." मला नाही म्हणता आलं नाही. बॅनर मीच छापणार, मंडपाला मीच बांधणार. तू आईसाठी काढलेलं शनिवारच्या गाडीचं तिकीट रद्द कर. येऊ नकोस, ताई. मी कितीही बोलावलं तरी, कारण ते मला तुझ्याशी फोनवर बोलायला लावतील.

इथेच असलेला, तुझाच
सौमित्र