दुसरी सही

प्रिय ताई,

आज डोंगरावरून खाली उतरलो आणि फोनला रेंज आली. आधी तुझे कॉल, मग आणखी कॉल, मग मेसेज. "डॉक्टर विचारतायत, मशीन बंद करायचं का. तू बोल." त्याखाली, "बोल ना रे." त्याखाली, "मी सही केली." आणि शेवटी, "बाबा गेले." तू एकटीनं इतके दिवस जे काढलंस, ते मी रस्त्याकडेला उभ्या उभ्या एका दमात वाचलं. पाठोपाठ आत्याचा फोन. म्हणे, "तुझ्या बहिणीला भावाची वाट बघवली नाही. मुलगा असताना बापाचा श्वास परस्पर बंद केला. मी चारचौघांत बोलले, तिच्या तोंडावर बोलले." मी "बरं" म्हणालो.

रडूही येत नाहीये. मुकादमाला सांगितलं तर त्यानं चहा दिला. प्यायलो, कप धुतला, त्याचाही धुतला. आम्ही विजेचे टॉवर रंगवतो. एवढ्या उंच लोखंडाला दिवसभर लटकायचं आणि फोनला रेंजची एक काडी नाही, यावर इथे सगळे हसतात. मुकादमाची एक शेळी आहे, ती रंगाचे ब्रश खाते. तिची जीभ सध्या चंदेरी आहे. असो, शेळीचं काय घेऊन बसलो.

बाबांचं आठवायला बसलो तर चेहरा येत नाही, हातच येतात. फौजेत त्यांनी विमानांची इंजिनं सांभाळली आणि इंजिनांनी त्यांचे कान नेले. मग आपल्या घरात बोलणं कमी आणि हातवारे जास्त. दोन्ही मुठी पुढे धरून अंगठे बाहेर फेकले, की चाकाखालचे अडसर काढा, विमान निघतंय. हा इशारा ते पाहुणे हलेनासे झाले की आपल्याला करायचे, आणि तू मुकाट्यानं जाऊन त्यांच्या चपला दाराशी सरळ लावून ठेवायचीस. एकदा आत्यानं ते पाहिलं. तिला वाटलं, पोरगी वळणाची आहे.

फौजेतून सुटल्यावर विमानतळाच्या हँगरमध्ये विमानदुरुस्तीच्या नोकरीला लागले, तरी स्वतः मात्र बसनंच फिरले. मी विचारलं होतं, विमानात का नाही बसत? म्हणाले, "आत बसलं की बाहेरचं काही कळत नाही." धुण्याच्या मशीनवर तळहात ठेवायचे आणि सांगायचे, बेअरिंग गेलंय. माझ्या पाठीवरही तसाच हात ठेवायचे, मी घरी आलो की. काय कळायचं कोण जाणे. मी पुन्हा निघायचो.

त्यांना टायरच्या शेडमध्ये टाकलं ते आठवतं का? तू दहावीला होतीस, मी त्या वर्षी शाळेत फारसा गेलोच नव्हतो, म्हणून दुपारी घरी होतो आणि सगळं ऐकलं. त्यांच्या कामात एकट्याच्या सहीवर विमान सुटत नाही. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं ते डोळ्यांनी तपासायचं, दोघांनी सही करायची. बाबा रजेवर असताना एका इंजिनाचं काम झालं आणि दुसरी सही राहून गेली. विमान जाऊन आलंसुद्धा. साहेब म्हणाले, मागची तारीख टाकून सही करा, विषय संपला. बाबा नाही म्हणाले. आई भाकरी टाकायची सोडून उठली. "विमान सुखरूप आलं ना? मग सही करायला तुमचा हात झिजतो का?" तिचे ओठ वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "सुखरूप आलं म्हणजे मी पाहिलं, असं होत नाही." त्यानंतर निवृत्तीपर्यंत टायर. आई जाईपर्यंत टोमणे मारत राहिली. ते ऐकू येत नसल्याचा फायदा घ्यायचे.

ताई, इथला हिशेब झाला की मी निघतोय, पण रंग पोचवायला आलेला ट्रकवाला आजच तिकडे परततोय, तो माझ्या आधी पोचेल म्हणून त्याच्याकडे हे देतोय. आत एक दुसरा कागद आहे. त्यावर लिहिलंय, "ताई, तुझा मेसेज मिळाला. बाबांचं मशीन बंद करायला माझी संमती आहे. डॉक्टरांना सांग." खाली माझी सही. मेसेज कसाबसा आला, फोन लागेना, म्हणून भावानं लिहून धाडलं, असं सांग. आत्याला दाखव, चारचौघांत दाखव. मग तिला जे बोलायचंय ते मला बोलू दे. मी कुठेही निघून जाऊ शकतो, तुला त्याच गल्लीत राहायचंय. हे पत्र मात्र फाडून टाक. तू विचारलंस तेव्हा फोन लागला असता तर मी हो म्हणालो असतो का, हे मला खरंच माहीत नाही. बाबांच्या भाषेत, न पाहिलेल्या कामावर सही करतोय. तुला पटलं नाही तर तोही कागद फाड, मी विचारणार नाही. तारखेची जागा कोरी ठेवली आहे, कारण तू सही कोणत्या दिवशी केलीस तेही मला ठाऊक नाही. त्याच्या आदल्या दिवसाची टाक. शाई जुळायला हवी म्हणून पेन सोबत देतोय. टोपण सैल आहे, कागदाला डाग पडेल, जपून.

तुझाच,
भोवरा