हरणांवरचा आळ

३ मार्च
"ठिपके दिसले ना? मग झालं! हरणंच दोषी," — साहेब.

असं कसं झालं? गावातल्या गाई तापाने मरतायत, हे खरं. गुंगीचं इंजेक्शन देऊन पकडलेल्या हरणांच्या रक्तात गोचिडीतून शिरलेले परजीवी आहेत, हेही खरं. काचपट्टीवर मीच पाहिले, लाल पेशीत जांभळे ठिपके. पण सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे परजीवी जुळ्या भावांसारखे दिसतात! तेवढ्यावर अख्खा कळप गोळ्या घालून मारायचा?

अहवालावर पशुवैद्य म्हणून माझी सही हवी होती. केली नाही.

"पदवीचं वारं लागलंय पोरीला," म्हणाले. लागू दे!

५ मार्च
घरी गेले. आई सुरूच — "मिळालीय नोकरी ती टिकव. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

बाबा गोठ्यात तांबडी गाईच्या कानामागच्या गोचिड्या काढत होते. मान वर न करता म्हणाले, "भांडू दे गं. गप्प बसायलाच शिकवायचं होतं, तर कॉलेजात कशाला धाडली?"

तुलनेसाठी निरोगी गाईंचं रक्त हवं होतं. शेजाऱ्यांनी दारातूनच परतवलं. बाबांनी स्वतः दावं धरलं. "घे आपल्यांचं. ही तांबडी तर लांबच्या बाजारातून आणल्यापासून एकदाही शिंकली नाही!"

या गोठ्यातल्या दुधावरच मी शिकले.

९ मार्च
वेगळा! हरणांतला परजीवी वेगळा, मेलेल्या गाईंतला वेगळा! जनुकांची अक्षरं जुळतच नाहीत. मी चक्क नाचले. प्रयोगशाळेतल्या ताई ओरडल्या — "अगं बाई, काचा आहेत इथे!"

साहेबांचं तोंड कडू. "मग गाईंना रोग आला कुठून? आभाळातून पडला? ते सांगितल्याशिवाय बंदुका थांबणार नाहीत."

"शोधते," म्हटलं. सर म्हणायलाही विसरले.

१० मार्च
निरोगी गाईंचे नमुने तेवढे उरलेत. नावापुरतीच तपासणी. उद्या उरकून टाकते.

११ मार्च
तांबडीच्या रक्तात मेलेल्या गाईंचाच परजीवी. अक्षर न् अक्षर तेच. पुन्हा तपासलं. तेच. स्वतः धडधाकट, आणि तिच्या गोचिड्या गावभर.

आता गोठ्याला टाळं लागणार. दूध बंद.

साहेबांनी विचारलं, "गोठा कुणाचा?"

"माझ्या बाबांचा. लिहा. आणि हरणांचं नाव खोडा."