दप्तरावरचे पाच धागे

पाचवा धागा दप्तराच्या पट्ट्याला बांधताना माझा हात थांबला, नायना. इतरांच्या घरी बाबा असायचे, आपल्या तेलुगू घरात तुम्ही नायना. गाठ मारण्याआधी तुम्ही धाग्याचं टोक जिभेला लावायचात. मीही नकळत तेच केलं. शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "शी बाई, थुंकी!" तिची आई पलीकडच्या बाकावर होती; ती विड्या वळते, दोऱ्याचं टोक असंच ओलं करून. "गप गं, आमी दिवसभर काय करतो मग?" म्हणत तिनं माझ्या हातून धागा घेतला आणि एका झटक्यात गाठ मारली.

दप्तर या मुलीचं आहे. गेल्या वर्षी, सातवीत असताना, ती चुलत्याच्या गाडीवरून पडली. डोक्याला मार लागला. वरची जखम भरली. जूनमध्ये ती आमच्या हायस्कुलात आठवीला आली. जुन्या शाळेत तिला एक खोली होती आणि एकच बाई होत्या. आमच्याकडे दर तासाला घंटा होते, शिक्षक बदलतात, साठ मुलं एकदम बोलतात, आणि त्या गलक्यात तिला आता कुठला तास ते कळेनासं होतं. गणिताला ती इतिहासाची वही काढते. मी तिला मोठ्या अक्षरांत, चौकटी आखून वेळापत्रक करून दिलं. त्या चौकटींतही ती हरवली. "लक्ष कुठं असतं तुझं?" हे तिला भर वर्गात विचारणारी मीच. मंगळवारी मधल्या सुट्टीत ती फाटकातून बाहेर पडली. तासाभरानं सापडली ती जुन्या शाळेत, सातवीच्या वर्गात, आपल्या बाकावर. मुख्याध्यापक म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो, बाई. नाही जमलं तर यंदा घरी बसू दे तिला." जिन्यात तिच्या आईनं मला गाठलं. "एकदा घरी बसली की परत कोण धाडतंय ओ? माझ्याशेजारी सूप घेऊन बसंल ती विड्या वळत."

त्या संध्याकाळी तुम्ही आठवलात. मी दहा वर्षांची होते. यंत्रमागातून उडालेला धोटा, आडवं सूत नेणारा तो टोकदार लाकडी तुकडा, तुमच्या कानशिलावर बसला. चार टाके पडले, आठव्या दिवशी तुम्ही पुन्हा मागावर उभे राहिलात. सगळ्यांनी गृहीत धरलं, बरे झालात. मग स्वयंपाकघरात अम्मा तीन वस्तू सांगते आणि तुम्ही एकच आणता. मी कारखान्यात निरोप घेऊन आले की म्हणता, "माग बंद होऊ दे, मग सांग." मला वाटतं, टाळताय. एक दिवस तुम्ही मनगटाला पांढरा दोरा बांधून निघता. तीन वस्तू, तीन गाठी. दुकानात गाठी मोजता, एक, दोन, तीन, आणि वस्तू आठवत नाहीत. मी दुकानदाराला मोठ्यानं सांगते, "आमच्या नायनांचं डोकं मागातच राहिलंय." तो हसतो. तुम्हीही हसता. घरी येईपर्यंत मनगटावरच्या गाठी चाचपत राहता.

दुसऱ्या दिवशी मनगटावर टाकाऊ सुताचे तीन रंगीत तुकडे होते. लाल म्हणजे तिखट, पांढरा म्हणजे साखर, पिवळा म्हणजे डाळ. वस्तू हातात आली की तो धागा सोडायचा. तुम्ही मला रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "मोजून भागत नाही गं. काय राहिलं ते दिसलं पाहिजे." पुढं बारा वर्षं तुम्ही माग चालवलात. लोक तुम्हाला विसराळू म्हणत राहिले, आणि मेंदूला मार लागला की असं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बुधवारी मी तिच्या वह्यांना रंगीत कव्हरं घातली. त्याच रंगांचे धागे, तासांच्या क्रमानं. घंटा झाली की वरचा धागा सोडायचा, खालच्या रंगाची वही काढायची. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, तिच्या आईसमोर, रोज सराव केला. बुधवारी दोन धागे, काल चार, आज शुक्रवारी पाच. शनिवारी सकाळच्या शाळेला पाचच तास असतात. तिची जागा दारापासून दूर, भिंतीकडे नेली. काल घंटेच्या जागी मी टाळी वाजवत होते आणि एक टाळी विसरले. ती म्हणाली, "बाई, तुमच्या पण डोक्याला लागलंय की काय?" आई दटावायला उठली. पण मी आधीच हसत होते.

आज मुख्याध्यापकांनी धागे पाहिले. "छान आहे हो. प्रशिक्षणात शिकवलं का?" मी म्हटलं, "हो."

तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. हे पत्र तुम्ही असतात तरी मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दुकानाशी आल्यावर मी तो भाग गाळला असता.

शनिवार. दुसऱ्या घंटेला तिनं एकदम दोन धागे सोडले. मी जागेवरून उठले नाही. तिनं वही पाहिली, फळा पाहिला, आणि एक धागा टोक ओलं करून परत बांधला. साडेअकराला शाळा सुटली तेव्हा पट्टा मोकळा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "सोमवारी किती धागे लागतील?" मी म्हटलं, "आठ. आणि सर, ते प्रशिक्षणातलं नाही. माझ्या वडिलांचं आहे."